बिनतेलाच्या चकत्या

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि बघितलं ते माझ्याकडे. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. गोळी वाढवूनसुद्धा प्रेशर मागच्यापेक्षा वर गेलंय, म्हणजे कुठून तरी मीठ पोटात जातंय, असं त्या म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या. चिडून म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, चिडलेल्या माणसाशी मला भांडता येतं. मी म्हटलं, बाई, ह्यांच्या ताटात तीन महिने मिठाचा कण नाही. ह्यांची भाजी वेगळी, आमटी वेगळी, मिठाची डबी मी कपाटात ठेवते आणि माझ्यापुरती काढते. पापड बंद, लोणचं बंद, सुकं म्हावरं तर घरातच नाही, आणि मी बाळकुमच्या कोळ्यांची पोर आहे हे जरा लक्षात घ्या. त्या ऐकत होत्या, पण नजर काही हलेना. तेवढ्यात हे शर्टाची बाही खाली घेत म्हणाले, "मी वडा खातो. कोर्टासमोर. अधूनमधून." बाईंनी पेन खाली ठेवलं. मार्चमध्ये झालं ती नुसती ताकीद होती, म्हणाल्या, पुढचा झटका आला तर हातपाय घेऊन जाईल, नाहीतर माणूसच घेऊन जाईल. हे मान खाली घालून हो हो करत होते.

घरी येताना आयरे रोडवर मी ह्यांच्या चार पावलं पुढं चालले. आमच्या ह्यांचं नाव दामाजी. कल्याणच्या कोर्टात बेलीफ आहेत, सव्वीस वर्षं लोकांच्या दारात समन्स घेऊन उभे राहतात. लोक शिव्या देतात, कुत्री अंगावर सोडतात, हे सही घेतात आणि परत फिरतात. घरी येऊन त्यातलं एक अक्षर बोलत नाहीत. मार्चमध्ये कोर्टाच्या पायरीवर पडले, तोंड दोन दिवस वाकडं झालेलं, तेव्हासुद्धा मला निरोप दुसऱ्याच माणसानं आणला. अशा माणसानं आपण होऊन, कुणी न विचारता, वडा कबूल केला. पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही, तेव्हा डोक्यात नुसता तो वडा. माझी तीन महिन्यांची मेहनत एका वड्यानं धुऊन नेली, याचं मला इतकं लागलं की जिना चढताना मी ह्यांच्यासाठी थांबलेसुद्धा नाही. वर आल्यावर मात्र ह्यांच्या पावलांचा आवाज ऐकत दारात उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली तेव्हा मी कठड्यावरून वाकून बघितलं, आणि परत सुरू झाली तेव्हा मी आत जाऊन भांडी आपटायला लागले.

मेहनत म्हणजे काय ते सांगते. डॉक्टरांनी तेल आणि मीठ दोन्ही तोडलं, तेव्हा हे चार दिवस मुकाट जेवले आणि पाचव्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटलं चव नाही म्हणून. पण बघत बसल्यावर कळलं, ह्यांना चवीपेक्षा वेगळंच काहीतरी हवंय. ह्यांना दाताखाली काहीतरी मोडायला लागतं. पापड, कुरडई, तव्यावरचा कडक बोंबील, काहीही, पण कुरकुरलं पाहिजे. मऊ भात, मऊ भाजी, मऊ चपाती, ह्यांचं तोंड रिकामं चालल्यासारखं चालायचं. ते बघवत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शालनकडे तेव्हा नवाच इलेक्ट्रिक ओव्हन आलेला, गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच. तिची नानकटाई शिकून झाली होती आणि आता तो नुसता पडून होता. तीच म्हणाली, "मालूताई, भाज्यांच्या पातळ चकत्या करून यात भाजून बघा की, तेलाचा थेंब लागायचा नाही." शालन बोलायला पुण्याच्या बाईसारखी स्वच्छ, आणि मनानंही स्वच्छ. ओव्हन स्वतः उचलून वर आणून दिला.

पहिल्या खेपेला सुरण केला. कडेनं कोळसा आणि मधे लगदा. बीट घातलं तर रुपयाएवढ्या चकतीची चवली झाली आणि चामड्यासारखी चिवट. कच्चं केळं वाकून उभंच राहिलं. रताळं बरं झालं, पण ताटात काढून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर परत मऊ. मी पाट घेऊन त्या काचेसमोर बसायची. आत लाल तार पेटलेली, त्या उजेडात चकत्या हळूहळू हलायच्या. खरंच हलतात हो त्या. आधी कड उचलते, मग मधला भाग दबतो, मग काचेवर आतून वाफ धरते आणि काही दिसेनासं होतं. मला शाळेत कधी एवढा रस आला नव्हता. चौथीतून नाव काढलं तेव्हा काही वाटलं नाही, आणि आता पंचेचाळिसाव्या वर्षी मला प्रश्न पडत होते. कारल्याची चकती मधे भोक असून लवकर का भाजत नाही? अळकुडीला चीक आहे म्हणून ती कडक होते का चीक असूनही होते? पातळ चिरायची तरी किती, विळीवर धरलेली चकती खिडकीकडे करून पलीकडचं दिसायला लागेपर्यंत? भाजी खालून आणायची, चिरायची, जाळायची, टाकायची. एकदा फ्यूज उडाला तर सगळ्या मजल्यावर अंधार. पण त्या काचेवरच्या वाफेनं मला सांगितलं काय ते. सगळा घोळ पाण्याचा होता. चकतीतलं पाणी बाहेर पडेपर्यंत तिची कड जळून जायची. आधी पाणी काढलं, मग भाजलं, तर?

आणि पाणी काढायचं काम मला कुणी शिकवायला नको. आमची आई जनी, बाळकुमच्या खाडीवर तिचा हात सगळ्यांत नावाजलेला. भरतीच्या पाण्याबरोबर बोय मासळी आली की घरात खायचं तेवढं ठेवायची, बाजारात जायचं ते जायचं, उरलेलं ती चिरून, पोट साफ करून, खड्यांनी चोळायची, टोपलीत थरावर थर लावायची आणि वर दगड. खालून पाणी गळत राहायचं. मी सहासात वर्षांची, टोपलीखालच्या परातीत पाणी किती जमलं ते बघायचं काम माझं. मी घाई केली की म्हणायची, "पानी जाव दे, मंग म्हावरं टिकतं." तिचे हात कोपरापर्यंत ओले आणि बोटं चिरलेली, आणि त्या चिरा तिला झोंबत असणार, पण मला ते तेव्हा कधी वाटलंच नाही. मी तेच केलं. माझा भाऊ नाथा दर दिवाळीला बाळकुमवरून आगरातले खडे पिशवी भरून आणतो. ते मोरीजवळच्या चिनी बरणीत असतात, मासे साफ करायला, चीक काढायला, कधी घसा धरला तर गुळण्या करायला. चकत्यांना मूठभर खडे चोळले, चाळणीत ठेवल्या, वर पाटा. तासाभरात खाली वाटीभर पाणी. बिटाचं लाल, कारल्याचं हिरवट, रताळ्याचं दुधासारखं. मग एका पाण्यातून काढल्या, जास्त धुतल्या तर परत पाणी पितात, फडक्यानं टिपल्या आणि ओव्हनमध्ये. अर्ध्या तासानं झाकण उघडलं तर चकत्या एकमेकींवर वाजत होत्या.

ह्यांनी पहिली तोंडात टाकली तेव्हा मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला. कडकन. ह्यांनी चावणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मी विचारलं, जमलं का? तर म्हणाले, जमलं. आणि सगळी ताटली संपवली. त्यानंतर रोज. संध्याकाळी कोर्टातून आले की चहाबरोबर ताटलीभर चकत्या, रात्रीच्या जेवणात मूठभर. मीही एक खाऊन बघितली, मला गोडच लागली. बिल्डिंगभर बोभाटा झाला की मालूताई बिनतेलाचे वेफर्स करतात. शालन कधी ओव्हन खाली नेऊन करायची, पण ओव्हनच्या मालकिणीच्याच घरी ते मऊ पडायचे. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा हसून टाळलं. माहेरची विद्या, अशी कशी द्यायची? माझा ताठा होता तो, आता कबूल करते. तेव्हा तिला सांगितलं असतं तर तिनं पहिल्या वाक्यालाच मला अडवलं असतं.

तर असं असताना हा वडा. पंधरा दिवस मी पोलिसासारखी वागले. ह्यांच्या शर्टाचा वास घेतला, खिसे उलटे केले, रुमालावर तेलाचा डाग शोधला. वास घामाचा आणि शाईचा, डाग कुठं नाही. हे माझी झडती बघायचे आणि ताटलीतल्या चकत्या हळूहळू, एकेक करून, मन लावून खायचे. मग एका मंगळवारी मी सरळ कल्याण गाठलं. कोर्टाच्या आवारात बाबुरावांचं कॅन्टीन आहे, ह्यांचे जुने दोस्त, आमच्याकडे गणपतीला येतात. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, भाऊजी, खरं सांगा, हे वडे किती खातात? ते आधी हसले, मग माझं तोंड बघून गंभीर झाले. मार्चपासून दामाजीनं चहाशिवाय कशाला हात लावला नाही, म्हणाले, चहाबरोबरचं खारं बिस्किटसुद्धा परत करतो, आणि समोरच्या गाडीवर मी त्याला उभा राहू देईन का? त्यांनी शपथ घेतली. मी तिथं बाकावर बसले. भोवती काळे कोट, टाइपरायटरची खडखड, कुणीतरी बाई पदर तोंडाला लावून रडत होती, आणि मी विचार करत होते की न केलेल्या गोष्टीची कबुली माणूस का देतो.

ते दोन-तीन दिवस माझं कशातच लक्ष नव्हतं. खोटं कशाला बोलू, मनात दुसरी बाईसुद्धा आली. मोहने गावाकडे वगैरे समन्स घेऊन जातात, असेल कुणी एखादी, बसवत असेल जेवायला, वाढत असेल कालवण झणझणीत, हे खाऊन येत असतील आणि तिचं नाव वाचवायला वड्याचं नाव घेत असतील. तिला मी चेहरासुद्धा दिला, ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मग ह्यांना बघितलं, पायरीवर बसून चपलेचा अंगठा तारेनं बांधत होते, आणि माझं मलाच हसू आलं. नाही, बाई नव्हती. पण लपवत होते काहीतरी, एवढं नक्की, आणि ते लपवणं आमच्या घराच्या आत होतं. मला राग राहिला नव्हता. मला जाणून घ्यायचं होतं, आणि भीतीही वाटत होती, कारण मीठ तर कुठूनतरी जातच होतं आणि दिवस तर जातच होते. शेवटी काही सुचेना तेव्हा मी ठरवलं की ह्यांच्या ताटावर बसून बघायचं. ह्यांना जे वाढते तेच आपण जेवायचं. माझी मिठाची डबी कपाटात बंद.

अळणी जेवण कसं असतं ते जो जेवला नाही त्याला सांगून कळायचं नाही. पहिले दोन दिवस भात म्हणजे ओला कागद. आमटीत फोडणी आहे, मिरची आहे, आमसूल आहे, पण सगळे वेगवेगळे उभे, एकमेकांना ओळख न दाखवता. तिसऱ्या दिवशी मला शालनच्या घरून उपमा आला, मी तो तसाच परत पाठवला आणि मग मोरीत जाऊन रडले. उपम्यासाठी रडले, आणि लगेच वाटलं, हा माणूस तीन महिने हे जेवतोय, आणि याच्यासाठी कुणी रडलं नाही. मग पाचव्या-सहाव्या दिवशी काहीतरी बदलायला लागलं. तांदळाला वास आहे हे कळलं. दुधीला गोडी आहे. भाकरीच्या करपलेल्या ठिपक्याला वेगळीच चव. जीभ अशी नवीन व्हायला लागली, मी दिवसभर तिच्याकडेच लक्ष ठेवून, काय खाल्लं तर काय म्हणते. या सगळ्या दिवसांत चकत्यांना मात्र मी हात लावला नव्हता. त्या ह्यांच्या, कमी पडायला नकोत म्हणून. दहाव्या दिवशी दुपारी ओव्हनचं झाकण उघडलं, ताटात काढताना एक बिटाची चकती मोडली, आणि मोडकी कशाला वाढा म्हणून मी तोंडात टाकली.

खारट. नुसती खारट नाही, खाडीत बुडताना नाकातोंडात पाणी जावं तशी खारट. मी ती थुंकून टाकली. चूळ भरली, दुसरी घेतली, सुरणाची. तीही तशीच. एकेका भाजीची एकेक खाऊन बघितली, जिभेची आग व्हायला लागली तरी बघत राहिले. मग मान वळली ती मोरीकडे, बरणीकडे. बरणीचा तळ दिसायला लागला होता. दिवाळीला भरलेली बरणी, एरवी वर्ष पुरून उरते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि हात घालून मूठभर खडे बाहेर काढले. हे मीठ आहे, असं स्वतःशी मोठ्यानं म्हणून बघितलं. जन्मभर माहीत असलेली गोष्ट मला तेव्हा कळली. आमच्याकडे जेवणातलं मीठ वेगळं आणि कामाचं मीठ वेगळं. जेवणातलं डबीत, चिमटीनं घ्यायचं, मोजून. कामाचं बरणीत, मुठीनं घ्यायचं, त्याला कोण मोजतो, त्यानं मासे धुवायचे, पाणी काढायचं. डॉक्टरीणबाईंसमोर मी तीन महिने मीठ नाही म्हणाले तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, मला ही बरणी आठवलीच नव्हती. रोज दुपारी चार वाजता मी खिडकीच्या उजेडात, गाणं गुणगुणत, मूठ भरून ह्यांचं मरण चोळत होते, आणि तो कुरकुरीत आवाज ऐकून मनात म्हणत होते, बघ मालू, तुझ्या हाताला काय गुण आहे. मी खडे परत बरणीत टाकले. हात मांडीखाली दाबून धरले.

हे आले तेव्हा चहा ठेवला, पण ताटली ठेवली नाही. ह्यांनी ताटलीच्या जागेकडे बघितलं. मी समोर बसले आणि विचारलं, चकत्या खारट आहेत हे तुम्हाला कधी कळलं? हे चहाच्या कपाची कड बोटानं पुसत राहिले. मला वाटलं, आता मला माहीत नाही म्हणतील. पण म्हणाले, "पहिल्याच दिवशी."

"आणि बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तू मुद्दाम घालतेस. डॉक्टर नाही म्हणते, पण तुला माझं जेवण बघवत नाही. म्हणून चोरून थोडं देतेस. मग मी कशाला बोलून दाखवू?"

मी विचारलं, आणि वडा? ह्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "त्या बाई तुझ्याकडे बघत होत्या गं."

मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. हा माणूस असं धरून चाललेला की बायकोनं आपल्यासाठी ठरवलंय, चार वर्षं कमी जगू देत पण तोंडाला चव असू दे, आणि ते त्यांनी मान्य केलेलं. रोज ताटलीभर मान्य केलेलं. पहिल्या दिवशी एवढा वेळ माझ्याकडे बघत होते ते त्यासाठी. मला माया वाटली आणि त्याच क्षणी असा संताप आला की कप भिंतीवर फेकावासा वाटला. मी म्हटलं, माझ्या हातून तुम्ही मेला असता. मला एका शब्दानं विचारायचं नाही? हे म्हणाले, तू दिलंस ते खाल्लं. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं हो. मग त्यांना बरणीचं, आईचं, पाण्याचं सगळं सांगितलं. सांगताना मधेच हे हसले, मग हसता हसता थांबले, कारण तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असणार की ती त्यांना मिळालेली मुभा नव्हती, नुसती चूक होती. ह्यांचा चेहरा उतरला. मी चोरून दिलेलं ते थोडंसं, ते कुणी दिलेलंच नव्हतं. हे उठून गॅलरीत गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथंच उभे होते. मी त्यांना हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शालनला वर बोलावून सगळं सांगितलं, लाज गुंडाळून ठेवून. ती विळी ओढून माझ्याबरोबर चिरायला बसली. मीठ नाही तर पाणी काढायचं कसं, यावर आम्ही दोघींनी डोकं चालवलं. जाड फडक्यांच्या मधे चकत्या, वर पाटा, मग पंख्याखाली खाटेवर पसरून तीन तास, मग ओव्हन मंद, पुन्हापुन्हा उलटत. पाच दिवसांत चार घाणे वाया गेले. चिमूटभर तरी, असं हाताला रोज वाटायचं, आणि बरणी मी अजून टाकली नव्हती, मासे तर धुवायलाच लागतात, म्हणून शालन शेजारी बसलेली मला बरी वाटायची. सहाव्या दिवशी चकत्या वाजल्या. पहिल्यांसारख्या नाही, जरा दबक्या, पण वाजल्या.

संध्याकाळी ताटली ह्यांच्यापुढे ठेवली आणि समोरच बसले. त्या पाच दिवसांत आम्ही कामापुरतंच बोललो होतो. ह्यांनी रताळ्याची उचलली, खाल्ली. बिटाची खाल्ली. मी विचारलं, कशा झाल्यात? हे नेहमीचं जमलं म्हणायला तोंड उघडत होते, मला दिसलं ते. मी म्हटलं, खरं सांगा. माझ्या हाताला आता कळत नाही, तुम्ही नाही सांगितलंत तर मला कुणीच सांगणार नाही. ह्यांनी तोंड मिटलं. कारल्याची एक चकती घेतली, चावली, गिळायला पाणी घेतलं.

"अळणी आहेत," म्हणाले. "आणि कारल्याच्या तर तोंडात धरवत नाहीत, मालू. भिकार झाल्यात."

एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या हातच्या खाण्याला पहिल्यांदा नाव ठेवलं. माझे डोळे भरून आले आणि मला वाटलं, आता हा माणूस जगेल.